लग्नाच्या दुपारचं मंचुरियन

धाराशिव जिल्ह्यात भर दुपारी चायनीज खायचं असेल तर हाताशी लग्नाचं आमंत्रण असावं लागतं. तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, कोणत्याही तालुक्याच्या गावी चायनीजच्या गाड्या आहेत, पण त्यांच्या भट्ट्या पेटतात त्या दिवस कलल्यावर. दुपार भाकरीची. शेतात, मोंढ्यात, कचेरीत, शाळेत उघडतात ते डबे भाकरी-चपातीचेच. ठरावीक पैसे भरा आणि वाटेल तेवढं वाढून घ्या, असा चायनीज बुफे पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत दुपारी लागतो. इथल्या बाजारपेठेत त्याचा जम बसलेला नाही. मात्र लग्नाचे मुहूर्त बहुधा बारा-साडेबाराचे असतात. शेवटच्या मंगलाष्टकानंतर अक्षता पडल्या, की मंगल कार्यालयाच्या जेवणघरात टेबलांवरची झाकणं उघडतात. पुरी, वांग्याची भाजी, मसालेभात, वरण, गुलाबजाम. आणि या सगळ्यापासून जरा बाजूला, उघड्यावर, भडकलेली भट्टी आणि तिच्यावर मोठी लोखंडी कढई. तिथे नूडल्स परतल्या जातात, कोबीचे तळलेले गोळे काळ्या-तांबड्या रश्श्यात पडतात. सगळ्यात लांब रांग तिथेच लागते. रांगेत पोरंसोरं असतात, कॉलेजातल्या मुली असतात आणि त्यांच्यामागे पदर सावरत उभ्या असलेल्या साठीच्या आज्याही असतात.

ही रांग पाहून हळहळणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या तक्रारी दोन. परकं अन्न मांडवात शिरलं, ही पहिली. पंगत गेली आणि तिच्याबरोबर वाढण्यातली माया गेली, ही दुसरी. दोन्ही तक्रारी मनापासूनच्या आहेत, म्हणून त्यांचा विचारही मन लावून व्हायला हवा. तो केला तर पहिली फारशी टिकत नाही. दुसरीत अर्धं सत्य आहे. आणि धाराशिवच्या माणसाने ज्या गोष्टीची खरी तक्रार करायला हवी, ती या दोन्हींत नाही.

मंचुरियन मांचुरियात मिळत नाही. त्याची जन्मकथा मुंबईची आहे. कोलकात्यात चिनी कुटुंबात जन्मलेले नेल्सन वांग नशीब काढायला मुंबईत आले आणि १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यांनी, काहीतरी नवं करा अशी मागणी आल्यावर, आलं, लसूण आणि हिरवी मिरची यांची फोडणी केली. गरम मसाल्याऐवजी तिच्यात सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तळलेले कोंबडीचे तुकडे सोडले. तोच चिकन मंचुरियन. पुढे कोंबडीच्या जागी कोबी आणि फ्लॉवर आले आणि पदार्थ शाकाहारी मांडवात जायला मोकळा झाला. आलं-लसूण-मिरचीची फोडणी, तळलेला गोळा, वर दाट रस्सा: ज्या घरात वड्यांची आमटी होते तिथल्या जिभेला यात अनोळखी काय वाटावं? शेजवान चटणीचंही तसंच. चीनमधल्या सिचुआन प्रांताची खूण म्हणजे जीभ बधिर करणारं एक मिरं. आपल्या शेजवानात ते नसतंच. असते ती सुकी लाल मिरची आणि भरपूर लसूण, म्हणजे आपल्या लसणाच्या चटणीचीच चुलत बहीण. त्या मिऱ्याचा सख्खा भाऊबंद महाराष्ट्रात आहे, पण तो कोकणात. माशाच्या आमटीत पडणारं तिरफळ आणि सिचुआनचं मिरं एकाच कुळातली आहेत.

शिवाय 'परकं' या शब्दाने मोजायला बसलं, तर दुपारच्या डब्यात फारसं काही उरणार नाही. मिरची, शेंगदाणा, मका, बटाटा, टोमॅटो ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून गेल्या चार-पाचशे वर्षांत आलेली. शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा वगळला तर भाकरीसोबत काय खायचं, हे मराठवाड्यातल्या कुणालाही विचारून पाहावं. आणि बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण या मातीला नवी नाही. धाराशिवपासून जवळचं तेर, संत गोरोबाकाकांचं तेर, हे प्राचीन काळचं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांवरून भडोच बंदरात जाई आणि तिथून समुद्रापार. तेरच्या वस्तुसंग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही पाहायला मिळतात. दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यवहार करणाऱ्या भूमीने वाटीभर नूडल्सना घाबरावं, हे तिच्या इतिहासाला शोभत नाही.

या जेवणाच्या मागे माणसंही आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टाँग आच्यू नावाचा एक चिनी व्यापारी कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीकाठी ऊस आणि साखरेच्या उद्योगासाठी येऊन राहिला. त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. त्याच्यामागून आलेल्या चिनी लोकांनी कातडी कमावण्याचा धंदा धरला, सुतारकाम केलं, खानावळी काढल्या. १९६२ च्या युद्धानंतर यांच्यापैकी सुमारे तीन हजार जणांना, म्हणजे भारतातच वाढलेल्या बायामुलांसकट कुटुंबांना, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं. काही जण तिथे वर्षानुवर्षं राहिले. सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. अमेरिकेतली गोष्ट वेगळी, पण दुःख तेच. तिथे १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झालं होतं. १९१५ साली न्यायालयाने खानावळवाल्याला व्यापाऱ्याचा दर्जा दिला आणि व्यापाऱ्याला येण्या-जाण्याची मुभा होती, म्हणून चिनी माणसं भराभर खानावळी काढू लागली. आज तिथल्या गावोगावच्या चायनीज बुफेच्या मुळाशी हा अडवणुकीचा इतिहास आहे. ज्यांना दुसरी दारं बंद होती, त्यांनी यजमानांच्या जिभेला रुचेल असं रांधून पोट भरलं.

कळंब, भूम, वाशीच्या गावांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आणि पुण्याच्या हॉटेलांत भांडी घासायला लागलेली पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. यातलीच काही पोरं कढई हलवायला शिकतात, गावी परततात आणि बसस्टँडजवळ गाडी लावतात. हाफ आणि फुल, ट्रिपल राइस आणि लॉलीपॉप ही भाषा त्यांनी जिल्ह्यात आणली. दुकानाला पागडी नाही, मोठं भांडवल नाही. एक कढई, एक सिलिंडर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. लग्नाच्या हंगामात हीच पोरं केटररकडे काउंटर सांभाळतात.

आता पंगत. तिचं मोठेपण आधी मान्य करायला हवं. मराठवाड्याच्या लग्नातली येसर आमटी ही पंगतीचीच चीज. आठ दिवस आधी बायका मिळून धान्यं, डाळी आणि मसाले भाजून येसर दळायच्या, आणि लग्नाच्या दिवशी मोठ्या पातेल्यातली ती आमटी बादलीतून वाढली जायची. वाढपी गावचेच. कुणाला आमटी वरपायला लागते, कोण भात दुसऱ्यांदा मागणार नाही पण घेईल, हे त्यांना ठाऊक असायचं. भिडस्त माणूस पंगतीत उपाशी राहत नसे, कारण त्याच्या नाही म्हणण्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. बुफेत तो खरोखर उपाशी राहतो. गुडघे गेलेला म्हातारा एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात काठी धरून टेबलापुढे उभा राहतो, तेव्हा ती व्यवस्था त्याच्यासाठी केलेली नाही हे उघड असतं. हातात ताट आणि समोर पंधरा पदार्थ असले की डोळ्यांची भूक पोटाच्या पुढे धावते, आणि मागच्या बाजूला खरकट्याचा ढीग साचतो. दुष्काळी जिल्ह्यात तो ढीग पाहवत नाही. पंगतीबद्दल हळहळणाऱ्यांचं यातलं प्रत्येक म्हणणं खरं आहे.

पण पंगतीचा हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा. पहिली पंगत कुणाची, हे घरोघर आणि गावोगाव ठरलेलं होतं: मानकरी, पाहुणे, पुरुष. बायकांची पंगत शेवटची, आणि घरच्या बायकांची त्याच्याही नंतरची. सकाळपासून चुलीपुढे बसलेली सून दुपारी चारला उरलेल्या भातावर पातळ झालेली आमटी घेऊन जेवायची. दलितांचं पान कुठे मांडायचं, मांडायचं की नाही, की अन्न वस्तीवर न्यायला सांगायचं, हेही गावाने ठरवून ठेवलेलं असे. पाहुण्याला आग्रह करणारी पंगत आणि माणसाला मांडवाबाहेर थांबवणारी पंगत या दोन वेगळ्या पंगती नव्हत्या. कोण कुणाच्या हातचं खातो हा प्रश्न महाराष्ट्रात किती जिव्हारी लागणारा होता, हे शाहू महाराजांनी ओळखलं होतं. म्हणून तर त्यांनी गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. राजाने कपभर चहा पिणं ही त्या काळात राजकीय कृती होती. धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. शेजारी राहून एकमेकांपासून अंतर राखणाऱ्या दोन समाजांनी एका मांडवात बसावं, यासाठीही केवढी खटपट करावी लागली होती. वारकऱ्यांनी काल्यात सगळ्यांचं अन्न एकत्र कालवून ते एकमेकांच्या मुखी घातलं, पण काला सोहळ्यापुरता राहिला. घरी परतल्यावर पंगत जुन्याच रेषेने मांडली गेली.

बुफेत डोंग्यातला डाव एक असतो. तो पाटलाच्या हातातून निघून कुणाच्या हातात जातो याची नोंद कुणी ठेवत नाही. यामुळे जात मोडली असं म्हणणं खोटं ठरेल. ती आमंत्रणाच्या यादीत आणि सोयरिकीत जशीच्या तशी आहे. पण ताटाच्या पातळीवर जे काम भाषणांनी अर्धं केलं, ते डावाने गाजावाजा न करता पुढे नेलं. आणि बायका पुरुषांच्या बरोबरीने, त्याच वेळी, गरम जेवतात. एवढ्यासाठी पंगत गेल्याचं दुःख सोसायला हरकत नाही. वयस्कर माणसांसाठी भिंतीकडेला टेबल-खुर्च्या आणि दोन वाढपी, अशी सोय अनेक यजमान आता करतातच. ती रीत म्हणून रुजली पाहिजे.

आता रांगेतल्या आज्यांकडे वळू. जी बाई १९७२ साली सात-आठ वर्षांची होती, ती आज साठीत आहे. तिने लहानपणी दुसरी एक रांग पाहिली आहे. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस नव्हता, विहिरी आटल्या, आणि माणसं रस्त्याच्या व पाझर तलावाच्या कामांवर खडी फोडायला गेली. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर मिळायची. तिची भाकरी काळपट व्हायची, थापताना तुटायची, पण तीच खायची होती. कामावरच्या पोरांना सुकडी वाटली जायची. ओंजळ पुढे करायची आणि जेवढी पडेल तेवढी घ्यायची. परकं अन्न धाराशिवच्या ताटात अशा रीतीने आलेलं आहे: बोटीने, सरकारी पोत्यातून, कुणालाही आवडनिवड न विचारता. ज्वारी पिकवणाऱ्या मुलखाने दुसऱ्याची जनावरं खातात ती ज्वारी रांगेत उभं राहून घेतली.

तीच बाई आता नातवाच्या लग्नात चायनीजच्या रांगेत उभी आहे, आणि तिला कुणी पाठवलेलं नाही. तिला ते आवडतं, की नातीने हट्ट केला म्हणून ती चाखून पाहणार आहे, हे तिचं तिला माहीत. चमचाभर घेऊन तोंड वाकडं करून ती पुन्हा वरण-भाताकडे जाऊ शकते. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली, तिच्यातही दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात असं वजन ठरलेलं होतं. गरिबाचं जेवण मोजूनच ठरवावं लागतं, त्याला इलाज नाही, आणि त्या थाळीने अनेकांची दुपार भागवली. पण मोजमाप दुसऱ्याने केलेल्या ताटांवर ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्यासाठी स्वतः वाढून घेणं ही साधी गोष्ट नाही. चायनीजच्या रांगेत संस्कृतीची घसरण शोधणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हे निसटतं. त्या रांगेत निवड आहे. आणि एकदा निवड आली की ती एकाच दिशेने जात नाही. अलीकडे अनेक मांडवांत चायनीजच्या शेजारीच चूल मांडलेली दिसते, गरम भाकरी, ठेचा आणि पिठलं मिळतं, आणि तिथेही रांग लागते. भाकरीला लग्नाच्या ताटात मान कधी नव्हता. ती रोजची म्हणून सणावारी बाजूला पडायची. तिला तो मान या काउंटरांच्या पद्धतीने मिळवून दिला.

तब्येतीचा मुद्दा थोडक्यात. अजिनोमोटोची भीती प्रमाणाबाहेर आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये अजिनोमोटोतल्या ज्या ग्लुटामेटची चव ओळखली, ते टोमॅटोतही असतं. १९६८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या छोट्या पत्राने त्याची बदनामी सुरू झाली. काळजी करायची तर पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाची, भडक रंगाची आणि मिठाची करावी.

खरी तक्रार तेलापासूनच सुरू होते. चायनीजच्या काउंटरवर काय काय आहे ते नीट पाहावं. काळा सॉस सोयाबीनचा. तळणाचं तेल बहुधा सोयाबीनचं. लॉलीपॉपची कोंबडी वाढली ती मका आणि सोयाबीनच्या पेंडीवर. आणि मांडवाबाहेर, कार्यालयाच्या कुंपणापलीकडे, धाराशिवच्या खरिपातलं मुख्य पीक कोणतं? सोयाबीन. चीनमध्ये माणसाळवलेलं हे पीक १९६० च्या दशकानंतर जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या प्रयोगांमधून मध्य प्रदेशात पसरलं आणि पुढे मराठवाड्याने ते असं उचललं, की उडीद-मुगाची रानं त्याने व्यापली. म्हणजे ज्या ताटाला परकं म्हणून नावं ठेवली जातात, ते शेताच्या नात्याने धाराशिवला सगळ्यात जवळचं आहे.

आणि तरी पिकवणाऱ्याचा त्या ताटावर काही अधिकार नाही. सोयाबीन मोंढ्यात जातं, तिथून लातूरकडच्या किंवा आणखी लांबच्या गिरण्यांत. त्यात तेल असतं जेमतेम अठरा-वीस टक्के. उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला आणि परदेशी जाते. कढईत पडणारं तेल मात्र अर्जेंटिना-ब्राझीलहून आलेलं असू शकतं, कारण देश सोयातेल मोठ्या प्रमाणावर तिथून आयात करतो. आयातीवरचा कर दिल्लीत कमी-जास्त झाला की भूम-परंड्यातल्या क्विंटलचा भाव हलतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात शेतकऱ्याने त्याहून बऱ्याच कमी भावाने पोती रिकामी केली. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ झाला, पण सप्टेंबरातल्या महापुराने परंडा-भूम भागात उभं पीक आणि त्याखालची मातीसुद्धा नेली. मांडवात आलेली निवड शेतापर्यंत पोहोचलेली नाही. ताटात काय घ्यायचं हे आजी ठरवते. रानातल्या मालाचं काय होईल हे तिचा मुलगा ठरवू शकत नाही.

याला जिल्ह्याचा स्वभाव कारण नाही. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरी परिसराने आपल्या मालाचं आपणच ठरवून दाखवलं आहे. दूध लांब न्यायचं तर नासतं, म्हणून इथल्या लोकांनी ते जागेवरच आटवलं, खवा केला, पेढा केला, आणि खव्याची बाजारपेठ उभी केली. २०२४ मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच लग्नाच्या टेबलावर गुलाबजाम असतात, आणि त्यांच्यात जिल्ह्याचं दूधही असतं, जिल्ह्याचे कष्टही असतात आणि जिल्ह्यात राहिलेला पैसाही. शेजारच्या सॉसच्या बाटलीत जिल्ह्याचा फक्त कच्चा माल असण्याची शक्यता आहे. खरा सोया सॉस म्हणजे सोयाबीन आणि गहू बुरशी लावून, मीठपाण्यात महिनोन्‌महिने आंबवलेला रस. त्याला लागतं ते ऊन, सबुरी आणि शिकवणारं कुणीतरी. ऊन आणि सबुरी इथे मुबलक आहे. कृषी विद्यापीठाने आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे काम हाती घ्यायला हवं. सॉस जमला नाही तर तेलघाणा, सोयाच्या वड्या, पीठ, पनीर आहेच. पण पोतं जसंच्या तसं जिल्ह्याबाहेर जाणं थांबलं पाहिजे. मंचुरियन मांडवात नको असं म्हणण्यात जेवढी शक्ती खर्च होते, तिची निम्मी इकडे वळली तरी फरक पडेल.

दुपारी तीनच्या सुमारास मांडव ओसरतो. वरपक्षाच्या गाड्या सुटायची घाई असते, बांधाबांध चालू असते, आजी नातीच्या आधाराने गाडीत चढते. चायनीजच्या भट्टीवरची ज्योत बारीक होते. वाढणारी, ताटं उचलणारी, भांडी घासणारी मुलं-मुली सकाळी सातपासून उभी असतात; काहींच्या पायांत कॉलेजचे बूट, काहींच्या स्लिपर. ती जेवायला बसतात चार वाजता, कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर, उलट्या क्रेटवर ताटं ठेवून. नूडल्स तोवर गोळा झालेल्या असतात, मंचुरियनचा रस्सा आटलेला असतो. घरच्या सुनांची जी शेवटची पंगत मांडवातून उठली, ती इथे येऊन बसली आहे. यजमानाने केटररशी ठराव करतानाच या मुलांचं जेवण बाराच्या आधी, गरम, आणि बसून व्हावं असं लिहून घेतलं, तर ताटामागच्या दरात किती वाढ होईल, हे एकदा तरी विचारून पाहायला हरकत नाही.